वेब आणि टर्मिनल : मुक्तस्रोत चौकटींच्या तौलनिक अभ्यासाची प्रस्तावना

संगणकाच्या अंतर्भागात जो हिशेब चालतो आणि जी नोंद साठते, त्यांच्याशी सामान्य मनुष्याचा संबंध येतो तो केवळ पडद्यावर. पडद्यावर जे अक्षर उमटेल तेच त्याला खरे; जे उमटणार नाही ते त्याच्यापुरते नाहीच. म्हणून हा पडदा ज्या साधनांनी रचावयाचा त्यांची निवड ही वरकरणी प्रोग्राम लिहिणाऱ्याची खाजगी बाब भासली, तरी वस्तुतः ती त्या पडद्यापुढे बसणाऱ्या प्रत्येक खातेदाराच्या, कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या हिताशी निगडित अशी सार्वजनिक बाब आहे. आणि सार्वजनिक बाबीचा निर्णय लोकप्रियतेच्या भरवशावर न सोडता साधकबाधक विचारानेच घेतला पाहिजे, या श्रद्धेतून प्रस्तुत पुस्तक सिद्ध झाले आहे. ब्राउझरमध्ये चालणारे इंटरफेस आणि टर्मिनलच्या चौकोनात निव्वळ अक्षरांनी रेखाटले जाणारे इंटरफेस, असे दोन्ही प्रकार निर्माण करण्यासाठी ज्या मुक्तस्रोत चौकटी, म्हणजे रूढ भाषेत फ्रेमवर्क, उपलब्ध आहेत, त्यांपैकी प्रमुखांची तुलना येथे केली आहे. आणि ती बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील दैनंदिन कामकाज डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

या दोन तालुक्यांत नोंदवहीचा अंमल फार जुना आहे. नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटले, त्या पाण्याबरोबर पाळीचा, आकारणीचा आणि बाकीचा हिशेब आला. उसाबरोबर सहकारी कारखाने आले, आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी व शहाजीनगरचा नीरा-भीमा यांसारख्या कारखान्यांच्या दफ्तरांत हजारो सभासदांच्या शेताचा तपशील जमा होऊ लागला. शेतकी विभागाचा चिटबॉय बांधावर येऊन लागणीची तारीख, क्षेत्र आणि उसाची जात नोंदवतो; त्या नोंदीवरून तोडणीचा क्रम ठरतो; काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन होते; वजनावरून पावती, पावतीवरून पंधरवड्याचे बिल आणि बिलातून सोसायटीच्या कर्जाची कपात, अशी ही दस्तऐवजांची साखळी चालते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा हे चार शब्द ज्या रकान्यात बसतात, तो रकाना नीट दिसला नाही तर एका कुटुंबाचा ऊस महिनाभर अधिक उभा राहू शकतो. पडद्याच्या रचनेचा प्रश्न मला गंभीर वाटतो तो या कारणाने.

या साखळीच्या दोन टोकांना दोन भिन्न प्रकृतीची माणसे आहेत, आणि साऱ्या पुस्तकाचे सूत्र या भेदातच आहे. गाळपाच्या हंगामात रात्रपाळीला काट्यावर बसणारा कारकून एकच पडदा शेकडो वेळा पाहतो. त्याचे हात कळफलकावर स्थिरावलेले असतात, नजर गाडीवर असते, आणि त्याला हवी असते ती गती व अचूकता. उलट सभासद आपल्या मोबाइलवर हंगामात मोजक्या वेळा खाते उघडतो. त्याला पडदा अपरिचित असतो, सिग्नल दुर्बळ असतो, आणि त्याला हवी असते ती स्पष्ट मराठी अक्षरांतली निःसंदिग्ध माहिती. एकाच चौकटीने या दोघांची सारखीच सेवा व्हावी ही अपेक्षा धरणे म्हणजे दोघांवरही अन्याय करणे होय. असे पडदे रचू शकणारी माणसे याच भागात घडतात : बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाची स्थापना १९६२ साली आणि विद्या प्रतिष्ठानची १९७२ साली झाली. आज या व अशा संस्थांतून बाहेर पडणारे विद्यार्थी संगणकाचे ज्ञान घेऊन कामाच्या शोधात पुण्याकडे वळतात. त्यांनी आपल्या गावच्या काट्यावरचा पडदाही अभ्यासाचा विषय मानावा, ही या लेखनामागची प्रेरणा आहे.

आता प्रथम टर्मिनलच्या परंपरेकडे वळू. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल बाजारात आणले, त्याचा ऐंशी स्तंभ आणि चोवीस ओळींचा पडदा आजतागायत अनेक आज्ञावल्यांत प्रमाण म्हणून गृहीत धरलेला आढळतो. त्या काळी संगणक आणि टर्मिनल यांच्यामधील तार अनेकदा इतकी संथ असे की सेकंदाला तीस किंवा एकशेवीस अक्षरांपलीकडे मजल जात नसे, आणि संपूर्ण पडदा पुन्हा लिहावयाचा तर माणसाला ताटकळत बसावे लागे. ही अडचण ओळखून बर्कली विद्यापीठात केन आर्नल्ड यांनी कर्सेस ही लायब्ररी रचली. जुना पडदा आणि नवा पडदा या दोहोंच्या प्रती स्मृतीत ठेवावयाच्या, त्यांची तुलना करावयाची, आणि जेवढा फरक असेल तेवढीच अक्षरे तारेवर पाठवावयाची, हे तिचे तत्त्व. पुढे तिचा एनकर्सेस हा मुक्त अवतार निर्माण झाला आणि तो आजही असंख्य लिनक्स यंत्रांवर मुकाट्याने काम करीत आहे.

वेबची परंपरा वयाने लहान, पण तिचा विस्तार प्रचंड. जॉन रेसिग यांची जेक्वेरी २००६ साली आली; गूगलची अँग्युलरजेएस २०१० साली; फेसबुकमधील जॉर्डन वॉक यांनी निर्माण केलेली रिअ‍ॅक्ट २०१३ साली मुक्त झाली; इव्हान यू यांची व्ह्यू २०१४ साली; आणि २०१६ साली रिच हॅरिस यांची स्वेल्ट व गूगलची संपूर्णपणे नव्याने लिहिलेली अँग्युलर अशा दोन चौकटी पुढे आल्या. रिअ‍ॅक्टचे ज्या तत्त्वासाठी कौतुक झाले ते असे की, पडद्याची एक काल्पनिक प्रत स्मृतीत ठेवावयाची, नव्या प्रतीशी तिची तुलना करावयाची आणि फरकापुरताच बदल ब्राउझरमध्ये करावयाचा. सूज्ञ वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की कर्सेसने संथ तारेसाठी जो उपाय योजला होता, त्याच जातीचा हा उपाय आहे. विद्यार्थ्याला जी ज्ञाने परस्परांपासून अलग करून शिकवली जातात ती बहुधा एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असतात, आणि हे नाते उमगले की नव्या चौकटीचे भय पुष्कळसे ओसरते.

हा एकच प्रश्न असा : मूळ माहिती बदलली असता पडद्याचा कोणता भाग बदलावयाचा, याचा निर्णय कोणी आणि केव्हा करावयाचा? रिअ‍ॅक्ट तो निर्णय प्रत्यक्ष चालू असताना, घटकाचे, म्हणजे पडद्याच्या एका सुट्या भागाचे, कार्य पुन्हा करवून आणि तुलना करून घेते. स्वेल्ट तो पुष्कळसा आधीच, कोड संकलित होतानाच घेऊन ठेवते. व्ह्यू कोणती माहिती कोठे वाचली गेली याची नोंद ठेवते आणि तदनुसार संबंधित घटकाला जागे करते. सॉलिड ही चौकट तर घटक पुन्हा न चालवता नेमक्या त्या अक्षरापर्यंत बदल पोचवते. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा भेद समजावयाचा तर पाटाने सगळी सरी भिजवणे आणि ठिबकने मुळाशीच थेंब सोडणे, यांतला भेद आठवावा. पाणी मुबलक असता पाट सोपा असतो. तसेच यंत्र बलवान आणि पडदा लहान असता रिअ‍ॅक्टची सुलभता पुरेशी ठरते. परंतु स्वस्त मोबाइलवर दोनशे ओळींचा खातेउतारा दाखवावयाचा असेल, तेथे हा भेद वाचकाच्या बोटाला जाणवतो.

या सर्वांपासून वेगळी वाट धरणारी एचटीएमएक्स ही कार्सन ग्रॉस यांची छोटी लायब्ररी मी मुद्दाम विस्ताराने घेतली आहे. ती निर्णयाचा अधिकार पुन्हा सर्व्हरकडे सोपवते. ब्राउझरने विनंती करावयाची आणि सर्व्हरने तयार मजकुराचा तुकडा पाठवावयाचा, एवढीच तिची व्यवस्था. ही रीत नवी नाही : आयबीएमने १९७१ साली आणलेल्या ३२७० टर्मिनलवरही कारकून सारा फॉर्म जागेवरच भरून एकदम मुख्य संगणकाकडे पाठवीत असे. ज्या कचेरीत चार माणसांचा संगणक विभाग आहे आणि ज्यांतील दोघे पायथॉन जाणतात, त्या कचेरीने जांगो, जी अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मली आणि २००५ साली मुक्त झाली, तिच्या जोडीला एचटीएमएक्स घेतली, तर बहुतेक सर्व कामे निभावतात असे माझे मत आहे. आपल्याच राज्यात, मुंबईत, फ्रॅपे ही चौकट विकसित झाली आणि तिच्यावर इआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. तिच्यात दस्तऐवजाची रकानेवार व्याख्या एकदा लिहिली की फॉर्म, यादी आणि परवानगीचे नियम आपोआप सिद्ध होतात. नोंदवहीप्रधान संस्थांना ही पद्धत अत्यंत सोयीची आहे, आणि ज्यांना तिच्या पुढच्या पायरीचे पडदे हवे आहेत त्यांच्यासाठी फ्रॅपेनेच व्ह्यूवर आधारलेली घटकांची लायब्ररीही मुक्त केली आहे.

वेबवर परिपक्व झालेले विचार गेल्या काही वर्षांत टर्मिनलकडे परतले, आणि त्यामुळे टर्मिनलच्या चौकटींना नवे तारुण्य प्राप्त झाले. इव्हान चॅप्लिकी यांच्या एल्म भाषेने स्थिती, बदल आणि दर्शन अशी जी त्रिविध मांडणी रूढ केली, तीच गो भाषेतील बबल टी या चौकटीचा पाया आहे. विल मॅकगुगन यांची टेक्स्च्युअल ही पायथॉनमधील चौकट वेबसारखी शैलीपत्रके टर्मिनलवर आणते, आणि तिच्यात लिहिलेला कार्यक्रम ब्राउझरमध्येही चालवता येतो. इंक ही तर प्रत्यक्ष रिअ‍ॅक्टच, फक्त तिचा पडदा अक्षरांचा. रस्ट भाषेतील रॅटाटुई मात्र निराळा बाणा ठेवते : ती घटकांची स्मृती बाळगत नाही, प्रत्येक वेळी सारे चित्र नव्याने रेखाटण्याचा हुकूम घेते, आणि फरक शोधण्याचे काम आपल्या अंतर्गत साठ्याकडे सोपवते. काट्यावरच्या कारकुनासाठी, अथवा रात्री दूरस्थ सर्व्हरची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञासाठी, या चौघींपैकी कोणतीही एक उत्तम सेवा देऊ शकेल. कारण अक्षरांचा प्रवाह अल्प असतो, दुर्बळ जोडणीवरूनही तो पोचतो, आणि माऊसकडे हात नेण्याची गरज पडत नाही.

येथवरचा विचार जगातल्या कोणत्याही गावी लागू पडला असता. आता जी अडचण सांगावयाची आहे ती मात्र आपली आहे, आणि इतर भाषांतील तुलनाग्रंथांत तिचा विचार क्वचितच आढळतो. टर्मिनल म्हणजे समान आकाराच्या घरांची जाळी. प्रत्येक अक्षराला एक घर, क्वचित दोन, हा तिचा शिरस्ता. देवनागरीला हा शिरस्ता मानवत नाही. ऊसनोंदीच्या माथ्यावरचा ‘क्षेत्र’ हाच शब्द घ्या : डोळ्याला त्यात दोन अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये तो सात संकेतांनी लिहिला जातो, आणि टर्मिनलच्या प्रचलित मोजणीप्रमाणे त्याला चार घरे मिळतात. मग कोठे जोडाक्षर फुटते, कोठे त्याच्यानंतर पोकळी राहते, कोठे उजवीकडचा रकाना सरकतो, आणि हेक्टरचा आकडा उसाच्या जातीखाली जाऊन बसतो. कोणत्या संकेताला किती घरे द्यावयाची याविषयी चौकट आणि टर्मिनल यांचे एकमत नसले, तर पडदा पुसतानाही जुन्या मात्रा मागे उरतात. ब्राउझरमध्ये हे संकट नाही. कारण फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांच्या पोटात असलेली हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी अक्षरांची जुळणी लिपीच्या नियमांनी करते, आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, किंवा मुंबईच्या आयआयटीचा शोभिका, यांसारखे सुबक देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

ही अडचण असाध्य आहे असे कोणी समजू नये, कारण तिच्यावर एकदा उपाय झाला होता आणि तो पुण्यातूनच देशभर गेला. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले जिस्ट तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकात एक कार्ड बसवले की डॉसवरचे अक्षरप्रधान कार्यक्रम भारतीय लिप्यांत दिसू लागत. त्या कार्यातूनच इस्की ही संकेतप्रणाली रूढ झाली, १९९१ साली भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतली गेली. म्हणजे अक्षरांच्या जाळीत देवनागरी बसवण्याचा प्रश्न आपल्या देशातील मंडळींनी स्वतंत्र प्रज्ञेने हाताळला होता. आजच्या टर्मिनल-चौकटींच्या निर्मात्यांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला मात्र तो ठाऊक असला पाहिजे.

इंटरफेसच्या निवडीचा आणखी एक दाखला उसाच्याच मुलुखातला आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांत वारणा सहकारी समूहाच्या आधाराने १९९८ साली संगणक-केंद्रे उभारण्याची योजना अमलात आली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन-शाखेने पाहणी केली तेव्हा असे दिसले की ही केंद्रे मुख्यत्वे उसाच्या व्यवहाराच्या नोंदींसाठीच उपयोगात येत होती. म्हणून सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील एसएमएसचा प्रयोग करण्यात आला, आणि शेतकऱ्याला हवी असलेली माहिती त्या तुटपुंज्या साधनानेही पोचू शकली. अलीकडे बारामतीत, १९७१ साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साह्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपक्रम आरंभला आहे. उपग्रहाची चित्रे, हवामानाची नोंद आणि मातीतील संवेदक यांवरून निघालेला निष्कर्ष अखेरीस शेतकऱ्याच्या मोबाइलवरच्या सूचनेत उतरतो. गणित कितीही सूक्ष्म असो, त्याचे मोल त्या शेवटच्या सूचनेच्या सुबोधतेवर ठरते, हे दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

गती आणि लिपी यांच्याइतकेच महत्त्व मी परवान्याला आणि दीर्घायुष्याला दिले आहे. कारण कारखान्याचे दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि चौकटींचे आयुष्य अनेकदा दहा वर्षांतच संपते. रिअ‍ॅक्टच्या परवान्यात पेटंटविषयीची एक शर्त होती. अपाची फाउंडेशनने २०१७ साली आपल्या प्रकल्पांत असा परवाना वर्ज्य ठरवला, बाहेरही पुष्कळ विरोध झाला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात फेसबुकने ती शर्त काढून सर्वमान्य एमआयटी परवाना स्वीकारला. अँग्युलरजेएसची देखभाल २०२१ अखेर थांबली, आणि ज्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला होता त्यांना सारे पडदे नव्याने लिहिणे भाग पडले. याउलट, रस्टमधील टीयूआय-आरएस या लायब्ररीच्या मूळ कर्त्याला वेळ देता येईनासा झाला, तेव्हा २०२३ साली इतरांनी तोच कोड पुढे चालवला आणि त्यातून रॅटाटुई निर्माण झाली. टेक्स्च्युअलच्या मागे उभी राहिलेली कंपनी २०२५ साली बंद झाली, तरी टेक्स्च्युअल मुक्त असल्यामुळे तिचे काम सुरू राहिले. मालक गेला तरी मालमत्ता सर्वांच्या वहिवाटीत राहते, ही मुक्तस्रोताची खरी सनद होय. आणि सहकाराच्या भूमीत वाढलेल्या माणसाला तिचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता पडू नये.

तुलनेच्या पद्धतीविषयी थोडे निवेदन आवश्यक आहे. निरनिराळ्या चौकटींत एकच लहान कार्यक्रम लिहून त्यांची तुलना करण्याचा प्रघात टूडूएमव्हीसी या प्रकल्पाने लोकप्रिय केला. परंतु कामांच्या यादीपुरता तो नमुना आपल्या प्रश्नांना अपुरा पडतो. म्हणून या पुस्तकात प्रत्येक चौकटीकडून तीन पडदे करवून घेतले आहेत : पहिला ऊसनोंदीचा, ज्यात गाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि को ८६०३२ यासारखी जात भरावी लागते, दुसरा वजनकाट्याचा, जो केवळ कळफलकावर चालला पाहिजे, तिसरा सभासदाच्या खातेउताऱ्याचा, जो स्वस्त मोबाइलवर आणि दुर्बळ सिग्नलवर उघडला पाहिजे. प्रत्येक पडद्याची परीक्षा मराठी मजकुराची शुद्धता, प्रथम उघडण्याचा वेळ, कळफलकावरील सुलभता, दृष्टिहीन वाचकाला पडदावाचकाच्या साह्याने होणारा उपयोग, शिकण्यास लागणारे श्रम आणि परवाना, या सहा कसोट्यांवर केली आहे. गुण देऊन क्रमांक लावण्याचा मोह मी टाळला आहे. कारण ज्या कचेरीला जी कसोटी जड वाटेल तिने ती जड मानावी.

तथापि ग्रंथकर्त्याने स्वतःचे मत झाकून ठेवणे मला प्रामाणिक वाटत नाही. सभासदाच्या मोबाइलवर जे जावयाचे ते वेबवरच रचावे, कारण तेथेच आज देवनागरी निर्दोष दिसते, आणि पडदावाचकाला अर्थ कळेल अशी रचनाही तेथेच शक्य आहे. त्यासाठी जेथे सर्व्हरवरून मजकूर पाठवणे पुरते, तेथे जड चौकटीचा भार वाहू नये. ज्या पडद्यावर पुष्कळ घडामोडी एकाच वेळी चालतात तेथे व्ह्यू किंवा स्वेल्ट घ्यावी. आणि जेथे मोठा चमू आहे व माणसे बदलत राहणार आहेत, तेथे रिअ‍ॅक्ट अथवा अँग्युलर यांच्या विपुल जाणकारांचा लाभ नाकारू नये. काट्यावर, सर्व्हरच्या देखरेखीत आणि आकड्यांच्या जलद नोंदीत टर्मिनलला आजही मानाचे स्थान आहे. मात्र रकान्यांत मराठी मजकूर असेल तर तोवर जपून राहावे, जोवर जाळीतील मोजणीचा प्रश्न सुटलेला नाही.

आणि तो प्रश्न सोडवण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. या सर्व चौकटींचा मूळ कोड उघडा आहे. अक्षरांची रुंदी मोजणारे त्यांतील भाग फार मोठे नाहीत. आणि ‘क्षेत्र’ हा शब्द कसा दिसावयास हवा हे सांगण्यास आमच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याइतका अधिकारी पुरुष किंवा स्त्री दूरदेशीच्या कर्त्यांमध्ये सापडणे कठीण आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतूनही उपलब्ध करून देऊन शिकण्याचा मार्ग सुकर केला आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे दोष नोंदवणे, नमुना जोडणे आणि दुरुस्ती पाठवणे. हे पुस्तक वाचून बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने अशी एक दुरुस्ती केली आणि ती जगभरच्या टर्मिनलांत उतरली, तर नेपाळीपासून कोकणीपर्यंत देवनागरीत लिहिणाऱ्या सर्व भाषांचे काम त्यातून सुकर होईल. तुलना करण्यासाठी जे वाचावयाचे ते पुढील प्रकरणांत आहे. परंतु वाचकाने तुलनेवर थांबू नये, एक चौकट निवडावी, तिच्यात आपल्या गावचा एक पडदा पूर्ण करावा, आणि त्या कामात जी उणीव आढळेल ती मूळ प्रकल्पाला कळवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.